सस्पेन्स अकाउंट

गेल्या वर्षी एका साहित्यिक कार्यक्रमाला जाण्याचा योग आला. योग आला म्हणजे मी वक्ता वगैरे नव्हतो. आमच्या बँकेने त्या कार्यक्रमाला पाच हजारांची देणगी दिली होती आणि तिची पावती आणायला साहेबांनी मला पाठवलं होतं. चहाच्या वेळी कुणीतरी एका विद्वान गृहस्थांशी माझी ओळख करून दिली, "हे बँकेत असतात. यांनीही एक कादंबरी लिहिली आहे." 'यांनीही'मधला तो 'ही' तुमच्या लक्षात आला असेलच.

विद्वानांनी बिस्कीट चहात बुडवत विचारलं, "कसली कादंबरी?"

"रहस्यकथा."

बिस्कीट चहात पडलं.

"प्रकाशक कोण?"

"मीच."

"अच्छा, म्हणजे अपक्ष!" ते म्हणाले, आणि आजूबाजूचे चारपाच पक्षवाले हसले.

मीही हसलो. काउंटरच्या आत बसून हसण्याची वीस वर्षांची सवय आहे. पण परतीच्या डोंबिवली लोकलमध्ये तो शब्द दातात अडकलेल्या बडीशेपेसारखा टोचत राहिला. अपक्ष कादंबरीकार! म्हणजे ज्याला कुणीच तिकीट दिलं नाही असा.

वाचकहो, मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. अपमान झाला की मला कविता सुचत नाही, आकडे सुचतात. विधानसभेला अपक्ष उभं राहायचं तर अनामत रक्कम १०,००० रुपये लागते. लोकसभेला २५,०००. माझी कादंबरी 'तिसरी किल्ली' काढायला छपाई, मुखपृष्ठ आणि टपाल धरून ६२,००० रुपये लागले. म्हणजे एवढ्या पैशांत मी दोन वेळा खासदारकीला उभा राहिलो असतो आणि उरलेल्या पैशांत एकदा आमदारकीला. वर दोन हजार रुपये चहापाण्याला उरले असते. आता, एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली तर अनामत परत मिळते. माझ्या कादंबरीच्या प्रती छापल्या ५००. त्यांचा सहावा भाग ८४ धरा. माझ्या विकल्या गेल्या १८७. म्हणजे निवडणूक असती तर माझं डिपॉझिट वाचलं असतं!

कादंबरी असल्यामुळे गेलं. आणि ते डिपॉझिट खरोखरचं होतं. आमच्याच शाखेतली एफडी. ती स्वयंपाकघराचा ओटा बदलण्यासाठी ठेवलेली होती. कर्मचारी म्हणून मला एक टक्का व्याज जास्त मिळत होतं, मुदतीआधी मोडली म्हणून एक टक्का कमी झालं. तो फॉर्म मीच भरला, मीच घेतला आणि त्यावर शिक्काही मीच मारला. 'मोडण्याचे कारण' या रकान्यात मी 'घरगुती' असं लिहिलं. ते संध्याकाळपर्यंत खरं ठरलं. घरी गेल्यावर प्रकरण फारच घरगुती झालं. तडा गेलेल्या कडप्प्यावर सौ. पोळ्या लाटत होती. ती एवढंच म्हणाली, "अहो, निदान त्या खुन्याला तरी चांगला ओटा द्या."

तर प्रश्न असा, की मी अपक्ष का झालो? प्रकाशकांकडे गेलो नाही का? गेलो होतो. पहिल्यांनी हस्तलिखित हातात घेऊन वजन केलं आणि म्हणाले, "रहस्यकथा आता कोण वाचतं?" मी म्हटलं, "मी वाचतो." ते म्हणाले, "विकत घेऊन?" मी गप्प बसलो. दुसऱ्या प्रकाशकांनी मात्र फार प्रेमाने बसवलं, चहा मागवला. पहिला कप संपेपर्यंत कादंबरी त्यांना आवडलेली होती. दुसरा कप आला तेव्हा त्यांनी एक कागद पुढे केला. त्यावर माझ्या कादंबरीविषयी एकच वाक्य होतं आणि त्याच्या शेवटी ८०,००० रुपये असा आकडा होता. तो मी त्यांना द्यायचा होता.

आता तुम्हीच सांगा. ऐंशी हजार देऊन मी त्यांचं बोधचिन्ह मुखपृष्ठावर लावलं असतं, तर त्या विद्वानांचं बिस्कीट चहात पडलं नसतं. मराठीत अशी कितीतरी पुस्तकं निघतात. पैसे लेखकाचे आणि नाव प्रकाशकाचं. त्यांना कुणी अपक्ष म्हणत नाही. ज्याने पैसे दिले आणि लपवले तो साहित्यिक आणि ज्याने पैसे दिले आणि सांगितले तो हौशी! आमच्या धंद्यात याच्या उलट असतं. कर्ज काढून लपवतो त्याच्याकडे वसुली अधिकारी जातो. माझ्या पुस्तकाच्या तिसऱ्या पानावर 'लेखक व प्रकाशक' म्हणून माझं नाव स्वच्छ छापलेलं आहे. यात मला लाज वाटण्यासारखं काय आहे ते कुणीतरी व्हाउचर जोडून सिद्ध करावं.

हे झालं 'प्रकाशक कोण?' या प्रश्नाचं. पण बिस्कीट आधीच पडलं होतं. 'रहस्यकथा' या शब्दालाच. त्याचा हिशेब मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

बँकेत एक खातं असतं. त्याचं नाव सस्पेन्स अकाउंट. हे नाव मी ठेवलेलं नाही. एखादी रक्कम येते, पण ती कुणाची, कशाबद्दल, याचा पत्ता लागत नाही. ती फेकून देता येत नाही आणि खिशातही घालता येत नाही. मग ती तात्पुरती या खात्यात टाकायची आणि शोध लागला की तिथून काढून योग्य जागी जमा करायची. ऑडिटर आला की खुर्चीत नीट बसायच्या आधी हे खातं मागतो. किती नोंदी पडून आहेत? कधीपासून? का? त्या वेळी मॅनेजरचा चेहरा बघावा. माझ्या कुठल्याही खुन्याचा मी तसा रंगवू शकलेलो नाही.

रहस्यकथा म्हणजे दुसरं काय? पहिल्या प्रकरणात एक प्रेत सस्पेन्सला टाकायचं. मग एक तुटलेली बांगडी, एक अर्धवट जळालेलं पत्र, एक न भुंकलेला कुत्रा. आणि शेवटचं पान येईपर्यंत एकूण एक नोंद उलटी फिरवून ज्याच्या त्याच्या नावे टाकायची. एक रुपया जरी शिल्लक राहिला तरी वाचक ऑडिटरसारखा बोट ठेवतो : "ते सगळं ठीक आहे, पण दार आतून कुणी लावलं?"

आणि थोर कादंबरीत काय असतं? चाळिसाव्या पानावर नायकाचा भाऊ घर सोडून जातो. कुठे गेला? का गेला? पुढच्या अडीचशे पानांत त्याचं पोस्टकार्ड येत नाही. लेखक त्याला चक्क विसरला आहे. पण समीक्षक लिहितात, 'अस्तित्वाची अनुत्तरितता लेखकाने समर्थपणे टिपली आहे.' माझ्या कादंबरीत भाऊ गेला तर मला तो शोधून आणावा लागतो, जिवंत किंवा मेलेला. मी विसरलो तर त्याला अनुत्तरितता म्हणत नाहीत, गाढवपणा म्हणतात. माझं म्हणणं एवढंच : ज्या लेखनात लेखकाला पै-पैचा हिशेब द्यावा लागतो ते लेखन दुय्यम, आणि ज्यात नोंदी तशाच पडून राहिल्या तरी चालतात ते श्रेष्ठ, हा न्याय कुठला?

इंग्रजांनी याचे नियमच करून ठेवले. रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका पाद्र्याने १९२९ साली रहस्यकथेच्या दहा आज्ञा लिहिल्या. गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक दुवा वाचकाला तिथल्या तिथे दाखवा. भुताखेतांची मदत घेऊ नका. गुप्त भुयार एकापेक्षा जास्त नको. जुळा भाऊ आणायचा असेल तर वाचकाला आधी कल्पना द्या. हा शेवटचा नियम आपल्या हिंदी चित्रपटांना लावला असता, तर निम्मे निर्माते देशोधडीला लागले असते. पुढे १९३० साली लंडनमध्ये डिटेक्शन क्लब निघाला. चेस्टरटन त्याचे पहिले अध्यक्ष, अगाथा ख्रिस्तीबाई सभासद. नव्या सभासदाला शपथ घ्यावी लागे, की माझे गुप्तहेर दैवी साक्षात्कार, योगायोग किंवा बायकांची अंतःप्रेरणा यांच्या जोरावर गुन्हा उकलणार नाहीत. हे मी सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग मला तुमचा खुनी साठाव्या पानावर कसा कळला?" लंडनच्या क्लबात हा प्रश्न विचारायला कुणाची सौ. आली नसावी.

आपल्याकडचं म्हणाल, तर बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड यांच्या पायी किती पोरांनी भूगोलाच्या पुस्तकात दुसरं पुस्तक लपवून मार खाल्ला असेल! आमच्या वडिलांच्या ट्रंकेत वरती दासबोध आणि खाली अर्नाळकर असत. दासबोधाच्या पानांचे कोपरे कोरे करकरीत होते, अर्नाळकरांचे झिजून गोल झाले होते. घराघरांतून माणसं वाचायला बसवण्याचं काम ज्या पुस्तकांनी केलं, त्यांना वाङ्मयाच्या दिवाणखान्यात खुर्ची नाही. तिकडे बंगालात बघा. शरदिंदु बंद्योपाध्यायांनी १९३२ साली ब्योमकेश आणला, सत्यजित राय यांनी १९६५ साली फेलुदा. तिथे कुणी रायसाहेबांना, "अरेरे, तुम्ही यात कसे पडलात?" असं विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

आणि अपक्षांचं म्हणाल, तर आमच्या घराण्यालाही मूळपुरुष आहे. फर्गस ह्यूम. १८८६ साली हा मेलबर्नमध्ये एका वकिलाकडे क्लार्क होता. क्लार्क, हे कृपया अधोरेखित करा. त्याला खरं म्हणजे नाटकं लिहायची होती, पण नाटकवाले दारात उभं करीनात. तेव्हा त्याने एका पुस्तकविक्रेत्याला सरळ विचारलं, की बाबा रे, तुझ्याकडे खपतं काय? तो म्हणाला, गॅबोरिओ नावाच्या फ्रेंच लेखकाच्या गुप्तहेरकथा. पठ्ठ्याने त्या आणून वाचल्या आणि घोडागाडीतल्या एका खुनावर कादंबरी लिहिली. प्रकाशकांनी हस्तलिखित उघडून पाहायचंही नाकारलं. वसाहतीतला माणूस काय वाचण्याजोगं लिहिणार, असं त्यांचं मत! तेव्हा त्याने ती स्वतःच्या पैशांनी छापली. 'द मिस्टरी ऑफ अ हॅन्सम कॅब.' मेलबर्नमध्ये ती हातोहात गेली आणि पुढे लंडनमध्ये तिच्या लाखो प्रती खपल्या. त्याच सुमारास, १८८७ साली, शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी आली. सुरुवातीला ती क्लार्कच्या घोडागाडीच्या पुष्कळ मागे होती.

आता इथे पक्षवाले म्हणतील, बघा, अपक्षही श्रीमंत होतो! नाही हो. ह्यूमने लंडनला जाण्यापूर्वी पुस्तकाचे हक्क ५० पौंडांना विकून टाकले होते. लाखो प्रतींतलं त्याच्या हाती पुढे काही आलं नाही. कॉनन डॉइलनेही होम्सच्या त्या पहिल्या कादंबरीचे सगळे हक्क २५ पौंडांना दिले होते. म्हणजे पक्षाचा असो नाहीतर अपक्ष, रहस्यकथेत लुटला कोण जातो याचं रहस्य कधीच नव्हतं.

मी मात्र हक्क विकलेले नाहीत. कुणी मागितले नाहीत हे एक कारण आहे. उलट माझं पुस्तक अखिल भारतीय आहे. १९५४ च्या एका कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रकाशकाने नव्या पुस्तकाची एक एक प्रत स्वतःच्या खर्चाने चार मोठ्या ग्रंथालयांना पाठवायची असते : कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली. न पाठवल्यास मूळ कायद्यात ५० रुपयांपर्यंत दंड सांगितलेला आहे. मी चारही पार्सलं मुदतीत रवाना केली. त्यामुळे चेन्नईतल्या एखाद्या रसिकाला डोंबिवलीतल्या लॉकरमधला खून मराठीत वाचण्याची इच्छा झालीच, तर सरकारने त्याची सोय केलेली आहे.

इथपर्यंत मी बाहेरच्यांशी भांडलो. आता थोडं घरच्यांशी भांडतो. कारण अपक्षांची बदनामी करण्यात अपक्षांचा वाटा मोठा आहे.

बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती तपासून पास करायची, असा नियम आहे. एक मेकर, एक चेकर. स्वतःची नोंद स्वतःच पास करणारा क्लार्क लवकरच वर्तमानपत्रात येतो, पण पुस्तक परीक्षणाच्या पानावर नव्हे. आमचे बरेच अपक्ष बंधू मात्र रात्री कादंबरी संपवतात आणि सकाळी छापखान्यात नेतात. खुनी बारा नंबरच्या पानावर डावरा असतो, सत्तर नंबरच्या पानावर उजव्या हाताने गोळी झाडतो, आणि मेलेले काका शेवटच्या प्रकरणात सर्वांना आशीर्वाद देतात. विचारलं तर म्हणतात, "मी स्वतंत्र लेखक आहे. मला संपादकाची कात्री मान्य नाही." स्वतंत्र आहेस ते ठीक, पण टॅली कोण करणार, बाबा?

म्हणून आम्ही सहा जण दर रविवारी इथल्या एका वाचनालयाच्या माडीवर जमतो. सगळे रहस्यकथावाले, सगळे अपक्ष. एक एसटीचे निवृत्त वाहतूक नियंत्रक आहेत, एक भूल देणारे डॉक्टर, एक रसायनशास्त्राच्या बाई, एक वीज मीटरवाले, एक तरुण मुलगा जो काही बोलत नाही पण सर्वांत चांगलं लिहितो, आणि मी. इथे कुणी कुणाला 'वा' म्हणत नाही. डॉक्टरांनी मला पहिल्याच रविवारी गार केलं. माझा खलनायक रुमालावर क्लोरोफॉर्म ओतून दोन सेकंदांत रखवालदाराला झोपवत होता. ते म्हणाले, "अहो, दोन सेकंदांत कुणी झोपत नाही, काही मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात रखवालदार तुमच्या खलनायकाला झोपवेल." रसायनाच्या बाईंनी मीटरवाल्यांचं आर्सेनिक काढून घेतलं. मार्शची परीक्षा १८३६ पासून आहे, आता हे विष कुणाला पचत नाही म्हणाल्या. एसटीच्या काकांनी तर एका कादंबरीतला संपूर्ण पलायनाचा बेत 'ही गाडी त्या फाट्यावर थांबत नाही' एवढ्या एका वाक्यात हाणून पाडला. डिटेक्शन क्लबात शपथ होती, आमच्याकडे कटिंग चहा आहे. पण चेकर आहे. एका नोंदीसाठी तीन तीन रविवार भांडणारे चेकर मला कुठल्या प्रकाशकाने दिले असते?

एवढं सगळं तपासून 'तिसरी किल्ली' छापली. कथा बँकेच्या लॉकररूममधली. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक खातेदाराची. मग तिसरी कुठून आली? लॉकरच्या रजिस्टरमध्ये खुन्याची सही सापडते, शनिवार, ९ मार्च २०१९, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. त्या सहीवरच सगळं उकलतं. मोठ्या अभिमानाने मी ती तारीख तीन ठिकाणी दिली होती.

नोव्हेंबर महिना होता. काउंटरपुढे पेन्शनरांची हयातीच्या दाखल्याची रांग. एका वृद्ध गृहस्थांनी आधी आपण हयात असल्याचा पुरावा दिला, मग पिशवीतून माझी कादंबरी काढली. मला वाटलं सही हवी असेल. मी पेन उघडलं.

"तुम्हीच ना हे?" ते म्हणाले. "छान आहे. दोन रात्री झोपलो नाही. पण ९ मार्च २०१९ हा दुसरा शनिवार होता. मी कालनिर्णय काढून पाहिलं. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात ना? २०१५ पासून?"

रांगेतले सगळे पेन्शनर माझ्याकडे बघू लागले. वाचकहो, बँकेच्या क्लार्कला बाकी काहीही न कळलं तरी जग त्याला क्षमा करतं. पण सुट्टी? माझ्या हाताखालून सुट्टी निसटली! डॉक्टरांना कळली नाही, एसटीच्या काकांना कळली नाही, आणि ज्याने त्या दुसऱ्या शनिवारी स्वतः घरी बसून कांदाभजी खाल्ली असणार त्या मलाही कळली नाही.

मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगू? त्या विद्वानांनी मला एक शब्द दिला होता आणि पुस्तक उघडलंही नव्हतं. या माणसाने माझ्यासाठी जुनं कॅलेंडर शोधून काढलं होतं. आधी कारागीर मानल्याशिवाय कुणी असं माप घेत नाही.

रात्री मी विचार केला. ९ चे १६ केले तर तिसरा शनिवार येतो, बँक उघडी, वार तोच, खुनाला धक्का नाही. प्रती छापल्या ५००. विकल्या १८७, सप्रेम भेट ९४, ग्रंथालयांना ४. शिल्लक २१५. प्रत्येकीत तीन दुरुस्त्या, म्हणजे ६४५. प्रत्येक दुरुस्तीशेजारी लेजरमध्ये करतात तशी छोटी सही. सौ. पानं उघडून धरत होती, मी खोडत होतो. त्याच तडा गेलेल्या ओट्यावर.

पण काकांच्या हातातली प्रत वाचनालयाची होती. ती चुकीचीच फिरत राहणार हे मला सहन होईना. पुढच्या रविवारी मी खाली उतरून ती मिळवली, कोपऱ्यात बसलो आणि पेन काढलं. दुसऱ्या दुरुस्तीला मागून हात धरला गेला.

"वाचनालयाच्या पुस्तकात लिहायचं नाही, ठाऊक नाही का?" ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"मी लेखक आहे," मी म्हणालो.

"सगळे असंच म्हणतात. प्रकाशकांचं पत्र आणा."

"प्रकाशकही मीच आहे."

बाईंनी माझ्याकडे त्या विद्वानांच्याच नजरेने पाहिलं आणि पावतीपुस्तक पुढे ओढलं. दंड पन्नास रुपये.

मी निमूट भरला. मात्र आधी तिसरी दुरुस्ती पुरी करू देण्याची अट घातली. पावती जपून ठेवली आहे. हिशेब असा : खर्च ६२,०००, विक्रीतून कमिशन वजा जाता आले ३४,७५०, तोटा २७,२५०, अधिक दंड ५०. एकूण २७,३००. ओटा अजून तसाच आहे. पण सस्पेन्स अकाउंटला एकही नोंद शिल्लक नाही. पक्षवाल्यांनी आपापली खाती एकदा उघडून दाखवावीत.